नौकेचा मऊ पडलेला डेक व पाणी शोषलेला प्लवन-फोम : दुरुस्ती

काचतंतू-प्रबलित प्लॅस्टिकाच्या लहान नौकेत चालण्याच्या पृष्ठाखालील लाकूड कुजून ते पृष्ठ (डेक) पायाखाली दबू लागले, म्हणजे डेक मऊ पडला असे म्हणतात. अशा नौकांत डेक व तळ यांमधील पोकळीत, नौकेत पाणी भरले तरी ती तरंगत राहावी म्हणून, हलका प्लॅस्टिक फोम भरलेला असतो. त्यास येथे प्लवन-फोम असे म्हटले आहे. डेक मऊ पडणे व फोमने पाणी शोषणे हे दोन दोष बहुधा बरोबरच आढळतात. कारण आत शिरलेले आणि बाहेर पडण्यास वाट न मिळालेले पाणी हेच दोहोंचे मूळ असते. पहिला दोष पायाला जाणवतो, दुसरा जाणवत नाही. तथापि अधिक धोक्याचा दुसराच होय. नौकेत पाणी भरल्यावर माणसांना वर धरून ठेवण्याचे काम ज्या द्रव्याकडे सोपविलेले असते, तेच द्रव्य तोपर्यंत ओझे बनलेले असते. म्हणून डेकवर नुसती नवी फळी बसविण्याला दुरुस्ती म्हणता येत नाही.

हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील सरोवरे, नद्या व खाड्या यांत वापरल्या जाणाऱ्या, सुमारे ४ ते ७ मी. लांबीच्या व मागे बाहेरून एंजिन टांगलेल्या नौकांचा आहे. या नौका मोटारीमागील गाड्यावर (ट्रेलरवर) लादून जलाशयापर्यंत नेतात. वर्षाचे बरेच महिने त्या घराच्या अंगणात, पुष्कळदा एखाद्या ताडपत्रीखाली, उभ्या असतात. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातील बराच काळ पाण्यावर नव्हे, तर पावसात व बर्फात जातो. आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे नौकेचा नाश बहुधा याच काळात होतो.

रचना : नौकेचे बाहेरील कवच साच्यात घडवितात. साच्याला आतून प्रथम जेलकोट या रंगीत रेझिनाचा पातळ थर देतात व त्यावर काचतंतूंची चटई आणि कापड यांचे थर पॉलिएस्टर रेझिनात भिजवून बसवितात. हे कवच पातळ व म्हणून लवचिक असते. त्यास ताठपणा यावा यासाठी तळाशी लांबीच्या दिशेने दोन किंवा अधिक लाकडी आधारवासे बसवून त्यांवर काचतंतूंचे आवरण चढवितात. या वाशांवर साधारणतः १२ मिमी. किंवा त्याहून अधिक जाडीच्या प्लायवुडचा डेक टेकतो व त्याच्या वरच्या बाजूस काचतंतूंचा थर असतो. एंजिन जिच्यावर टांगतात ती मागची उभी भिंत (ट्रान्सम) हीदेखील आतून प्लायवुडचीच असते. वाशांमधील कप्प्यांत दोन द्रव रसायने मिसळून ओततात व त्यांपासून तेथल्या तेथे फुगणारा पॉलियुरेथेन फोम कप्पा भरून टाकतो. वरून अखंड प्लॅस्टिकाची दिसणारी ही नौका आतून लाकडाची आहे, हे तिच्या मालकाला पुष्कळदा डेक दबू लागल्यावरच कळते. १९९० नंतरच्या दशकांत अनेक निर्मात्यांनी लाकडाऐवजी दाट प्लॅस्टिक फोमचे वासे व फलक वापरण्यास सुरुवात केली. परंतु त्याआधीच्या असंख्य नौका अद्याप वापरात आहेत व दुरुस्तीचा प्रश्न प्रामुख्याने त्यांच्याच बाबतीत येतो.

पॉलियुरेथेन रसायनाचा शोध जर्मनीत ओटो बायर व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये लावला. त्याच्या ताठ फोमचा नौकेसाठी उपयोग लोकांच्या नजरेत भरला तो रिचर्ड फिशर यांच्या ‘बॉस्टन व्हेलर’ या नौकेमुळे. १९५८ मध्ये विक्रीस आलेल्या या १३ फूट (सु. ४ मी.) लांबीच्या नौकेत बाहेरचे कवच व आतले कवच यांमधील सर्व जागा फोमने भरलेली होती. १९६१ मध्ये ‘लाइफ’ या साप्ताहिकात फिशर नौकेत बसले असताना ती करवतीने मधोमध कापली जात असल्याची व तिचा मागचा अर्धा भाग एंजिनासह चालविला जात असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. फोम असलेली नौका बुडत नाही, ही समजूत तेव्हापासून दृढ झाली. कोरड्या फोमपुरती ती खरी आहे. पुढे १९७१ च्या संघीय नौका-सुरक्षा अधिनियमानुसार अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २० फुटांपेक्षा (सु. ६·१ मी.) कमी लांबीच्या नौकांसाठी प्लवनविषयक नियम केले. बाहेरून एंजिन टांगलेल्या, २ अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या नौकांना १९७८ पासून असे बंधन आले की, नौकेत पाणी पूर्ण भरले तरी ती माणसांसह जवळजवळ समतल तरंगली पाहिजे. सरोवराच्या थंड पाण्यात काही मिनिटांतच हातपाय निकामी होऊ लागतात. त्यामुळे उपड्या झालेल्या नौकेला लोंबकळणे आणि पाण्याने भरलेल्या पण सरळ तरंगणाऱ्या नौकेत बसून राहणे, यांत जीव जाणे व वाचणे एवढा फरक पडू शकतो.

लाकडाची कूज : लाकूड कुजविणारी कवके ओलाव्यावाचून वाढू शकत नाहीत. लाकडातील जलांश त्याच्या शुष्क वजनाच्या २० टक्क्यांखाली असेल, तर कूज होत नाही. तो तंतुसंपृक्ततेच्या मर्यादेवर, म्हणजे सुमारे ३० टक्क्यांवर गेला की कवके जोमाने वाढतात. त्यांना हवाही लागते, म्हणून पाण्यात सतत पूर्ण बुडालेले लाकूड या प्रकारे कुजत नाही. डेकमधील प्लायवुडला या दोन्ही गोष्टी पुरेशा मिळतात. वरून काचतंतूंचा थर, खालून ओला फोम आणि मध्ये कोंडलेली दमट हवा ही कवकांना अनुकूल अशीच स्थिती होय. गोडे पाणी या बाबतीत खाऱ्या पाण्यापेक्षा अधिक घातक असते, कारण मिठामुळे कवकांच्या वाढीस अडथळा येतो. जुन्या काळी अमेरिकेतील लाकडी जहाजांच्या फासळ्यांमधील पोकळ्यांत खडेमीठ भरून ठेवीत, ते याच कारणासाठी. समुद्रावर वर्षानुवर्षे वापरलेल्या नौकेचे लाकूडही पुष्कळदा समुद्राच्या पाण्याने नव्हे, तर अंगणात साचलेल्या पावसाच्या पाण्याने कुजलेले असते.

पाणी शिरते ते डेकला पाडलेल्या भोकांतून. आसने, एंजिनाच्या केबली धरणाऱ्या पट्ट्या, मासेमारीच्या गळांचे धारक, झडपांच्या बिजागऱ्या अशा वस्तूंसाठी मारलेले स्क्रू काचतंतूंचा थर भेदून थेट प्लायवुडमध्ये जातात. भोकात लांबी किंवा सीलबंद करणारे द्रव्य भरलेले नसेल, तर प्रत्येक स्क्रू ही पाण्याची एक वाट होते. डेकवर गालिचा चिकटविलेला असल्यास तो स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवतो. वाशांमधून पाणी मागे वाहावे म्हणून कारखान्यात पाडलेल्या छिद्रांच्या कडा पुष्कळदा उघड्या लाकडाच्याच सोडलेल्या असतात. प्लायवुडच्या खालच्या बाजूस तर अनेक नौकांत रेझिनाचा एक हात फिरविण्यापलीकडे काहीही केलेले नसते. पॉलिएस्टर रेझीन लाकडाला फारसे घट्ट चिकटत नाही. त्यामुळे एकदा ओल शिरली की आवरण लाकडापासून सुटते व त्या फटीतून पाणी दूरवर पसरते. लाकूड डोळ्यांना कुजलेले दिसू लागण्यापूर्वीच, वजनात अगदी अल्प घट झालेली असताना, त्याचा चिवटपणा मोठ्या प्रमाणावर गेलेला असतो.

फोममध्ये पाणी शिरण्याची रीत : नौकेत वापरतात तो पॉलियुरेथेन फोम बंद कोशिकांचा असतो, म्हणजे त्यातील वायूचे बुडबुडे एकमेकांशी जोडलेले नसतात. म्हणून तो पाणी शोषत नाही असे सांगितले जाते. अल्प काळाच्या दृष्टीने हे बरोबर आहे. परंतु सर्वच कोशिका बंद असतात असे नाही. नीट न मिसळलेल्या किंवा थंडीत ओतलेल्या फोममध्ये उघड्या कोशिकांचे प्रमाण वाढते. शिवाय कोशिकांच्या भिंती अतिशय पातळ असून त्यांतून पाण्याची वाफ मंद गतीने आरपार जाते व थंड बाजूस आत जाऊन द्रवरूप होते. लाटांच्या आदळण्याने कवच लवते व त्याला लागून असलेल्या फोमचा थर चिरडला जातो. उत्तरेकडील प्रदेशांत हिवाळ्यात फोममधील पाणी गोठते, प्रसरण पावते व कोशिका फोडते. वसंतात बर्फ वितळल्यावर त्या फुटलेल्या कोशिकांत अधिक पाणी शिरते. असे वीस-तीस हिवाळे गेल्यावर तळाकडचा फोम पिळला असता पाणी गळावे अशा अवस्थेस येतो. अमेरिकी नियमांत फोम पेट्रोल, तेल व तळ स्वच्छ करण्याचे द्रावण यांत २४ तास व ३० दिवस ठेवून त्याची उत्प्लावकता किती घटते ते पाहण्याच्या कसोट्या आहेत. सर्वांत दीर्घ कसोटी ३० दिवसांची आहे. अनेक वर्षे साचलेल्या पाण्यात बसलेल्या फोमचे काय होते, हे त्यांवरून कळत नाही.

पाणी शोषल्याचा परिणाम किती होतो, हे एका साध्या हिशेबावरून स्पष्ट होईल. प्लवन-फोमची घनता सामान्यतः दर घन मीटरला सुमारे ३२ किग्रॅ. असते. एखाद्या नौकेत अर्धा घ. मी. फोम आहे असे मानल्यास त्याचे वजन १६ किग्रॅ. भरेल व पाण्यात पूर्ण बुडाल्यावर तो स्वतःखेरीज सुमारे ४८४ किग्रॅ. भार तोलून धरील. या फोमच्या आकारमानापैकी ४० टक्के जागा पाण्याने व्यापली, तर नौकेच्या वजनात २०० किग्रॅ. भर पडते व तोलून धरण्याची क्षमता २८४ किग्रॅ.वर येते. म्हणजे तीन प्रौढ माणसे नौकेत कायमची बसून असावीत, तसा हा प्रकार झाला. नौकेवरील पट्टीवर किती माणसे व किती वजन चालेल ते लिहिलेले असते. तो आकडा कोरड्या नौकेचा असतो. जड झालेली नौका मागील बाजूस अधिक बुडते, डेकवरील पाणी बाहेर टाकणारी छिद्रे जलरेषेखाली जातात, त्यांतून पाणी उलट डेकवर येते आणि तेच पाणी पुन्हा स्क्रूंच्या भोकांवाटे फोमपर्यंत पोहोचते. दोष अशा रीतीने स्वतःच वाढत जातो.

परीक्षा : डेकवर अनवाणी चालून दबणाऱ्या जागा खडूने आखून घेणे ही पहिली पायरी. नंतर लहान हातोडीच्या मुठीने ठोकत गेल्यास सुस्थितीतील भागातून टणक, खणखणीत आवाज येतो व कुजलेल्या भागातून बद्द आवाज येतो. दोन्ही रीतींनी मिळणारी सीमा प्रत्यक्ष कुजीच्या सीमेपेक्षा बहुधा लहान असते. विद्युत् धारितेवर चालणारे ओलावामापक उपयोगी पडतात, पण जेलकोटखालील धातू किंवा पृष्ठावरील दमटपणा यांनीही त्यांचे वाचन चढते; त्यामुळे केवळ त्यांच्या भरवशावर निर्णय घेऊ नये.

फोमसाठी खात्रीची परीक्षा वजनाची. गाड्यासह नौका वजनकाट्यावर तोलून, गाड्याचे, एंजिनाचे, विद्युत् घटमालेचे व इंधनाचे वजन वजा करावे आणि निर्मात्याने दिलेल्या कोरड्या वजनाशी तुलना करावी. फरक शंभर किग्रॅ.हून अधिक असल्यास आत पाणी आहे असे समजावे. याला जोड म्हणून मागील भागात, वाशाच्या शेजारी, जेथे पाणी उताराने येऊन साचते तेथे वर्तुळाकार करवतीने सुमारे ५ सेंमी. व्यासाचे भोक पाडून तळापर्यंतचा फोम काढून पाहावा. वरचा फोम कोरडा व खालचा ठिबकणारा, असे चित्र वारंवार आढळते. म्हणून वरच्या ५–१० सेंमी.वरून अनुमान काढणे चुकीचे ठरते. भोक पाडण्यापूर्वी त्या जागी खाली इंधनाची टाकी, नळी किंवा तारा नाहीत हे पाहणे अत्यावश्यक आहे. याच वेळी एंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली हलवून ट्रान्सम लवते की काय, तेही पाहावे. ट्रान्सम कुजलेली असेल तर तिची दुरुस्ती डेक उघडलेला असतानाच करणे सोयीचे असते.

अपुरे उपाय : मऊ जागी छिद्रे पाडून त्यांत पातळ एपॉक्सी रेझीन सोडण्याचा उपाय लोकप्रिय आहे. कुजलेल्या तंतूंत रेझीन काही अंतर शिरते व जागा कठीण लागते; परंतु नष्ट झालेले बळ परत येत नाही आणि ओल्या लाकडात रेझीन शिरतच नाही. लहानशा, कोरड्या व भार न पडणाऱ्या जागेखेरीज अन्यत्र हा उपाय करू नये. जुन्या डेकवर नवे प्लायवुड ठोकणे हा त्याहून वाईट उपाय होय, कारण त्याने वजन वाढते, कूज झाकली जाते व नव्या स्क्रूंची भोके पडतात. ओला फोम छिद्रे पाडून, उष्णता देऊन किंवा निर्वात पंपाने सुकविण्याचे प्रयत्नही केले जातात. फोमच्या भेगांतील पाणी त्यामुळे निघते, कोशिकांत अडकलेले फारच थोडे निघते. खर्च व श्रम यांच्या मानाने ओला फोम काढून टाकणे हेच शहाणपणाचे ठरते.

उघडणे व साफ करणे : दुरुस्ती सुरू करण्याआधी नौकेला तळाकडून अनेक ठिकाणी सारखा आधार द्यावा लागतो. डेक व वासे काढल्यावर कवच लवचिक होते आणि त्या अवस्थेत तळाला आलेला बाक नवे वासे बसविल्यावर कायमचा राहतो. पुढे अशी नौका वेगाने सरळ धावत नाही. काठांमध्ये आडव्या पट्ट्या बांधून रुंदी कायम ठेवावी. आसनांची व वाशांची मापे, फोमच्या जागा आणि तारांचे मार्ग आधीच कागदावर उतरवून घ्यावेत. चार महिन्यांनी यांपैकी काहीच आठवत नाही. विद्युत् घटमाला व इंधन बाहेर काढावे. टाकीत उरलेल्या पेट्रोलची वाफ डेकखाली साठत असल्याने करवतीच्या ठिणगीने स्फोट होण्याचा धोका असतो. ओल्या फोममध्ये गच्च बसविलेली ॲल्युमिनियमची टाकी बाहेरून गंजून तिला बारीक भोके पडलेली आढळतात. ती याच वेळी तपासावी.

चक्राकार करवतीचे पाते डेकच्या जाडीइतकेच खाली जाईल असे बसवून डेक कापतात. बाजूच्या भिंतीपासून ५ ते ८ सेंमी. रुंदीची पट्टी सुस्थितीत असल्यास तशीच ठेवतात, कारण नवा डेक तिच्याशी जोडता येतो. ती कुजलेली असेल तर भिंतीपर्यंत घासून काढावी लागते. फोम फावडे, लांब करवत व खुरपे यांनी तुकडे करून काढतात. हे काम कष्टाचे व कंटाळवाणे असते आणि ते अर्धवट सोडण्याचा मोह याच टप्प्यावर होतो. काढलेला फोम जाळू नये. जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू निघतात. काचतंतू घासताना उडणारी धूळ त्वचेला व फुफ्फुसांना अपायकारक असल्याने गाळणीयुक्त मुखवटा, चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरतात.

यानंतर वासे तपासतात. त्यांवर जागोजागी बारीक भोके पाडून निघणारा भुसा पाहतात. तो पांढुरका व कोरडा असल्यास वासा ठेवावा, गडद व ओला असल्यास बदलावा. कवच पूर्णपणे कोरडे होऊ देण्यासाठी काही आठवडे लागले तरी घाई करू नये.

वासे व डेक पुन्हा बसविणे : नव्या वाशांसाठी सरळ रेषांचे, गाठी नसलेले लाकूड, जलरोधक प्लायवुड किंवा दाट पॉलियुरेथेनचे तयार फलक वापरतात. वासा कवचावर कोरडा टेकवू नये, कारण त्या रेषेवर ताण एकवटून कवचाला बाहेरून चीर पडते. रेझिनात सिलिका भुकटी मिसळून केलेल्या लगद्यात वासा बसवून दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांना त्याच लगद्याने गोलाई देतात व त्यावर काचतंतूंच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा रुंद, अशा चढवितात. यासाठी दर चौ. मी.ला सुमारे ६०० ग्रॅ. वजनाचे, तिरप्या धाग्यांचे द्विअक्षीय कापड सोयीचे असते.

रेझिनाची निवड हा वादाचा विषय आहे. पॉलिएस्टर रेझीन स्वस्त असून मूळ नौका त्याचीच असते. पण जुन्या, कठीण झालेल्या पृष्ठावर व लाकडावर ते एपॉक्सीइतके घट्ट धरत नाही. एपॉक्सी महाग आहे व त्यावर जेलकोट नीट बसत नाही, म्हणून वरून रंग द्यावा लागतो. लाकडाशी संबंध येईल तेथे एपॉक्सी वापरणेच इष्ट, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्या जोडाच्या सुटण्यामुळे हा सारा खटाटोप करावा लागला, तोच जोड पुन्हा कच्चा ठेवण्यात काटकसर नाही. मात्र दोन्ही रेझिने वापरायची असल्यास आधी पॉलिएस्टर व नंतर एपॉक्सी असा क्रम ठेवावा, कारण एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट घट्ट होत नाही.

डेकच्या प्लायवुडला बसविण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी व विशेषतः कडांना रेझिनाचे दोन-तीन हात देतात, कारण प्लायवुड कडेतूनच सर्वाधिक पाणी ओढते. जुन्या काचतंतूंशी सांधा जोडताना जुनी कडा जाडीच्या बारा पट रुंद उताराने घासून त्यावर थर चढविले असता सांधा मूळ भागाइतका बळकट होतो. पुढे स्क्रू जेथे येणार असतील तेथे आधी मोठे भोक पाडून ते दाट एपॉक्सीने भरावे आणि घट्ट झाल्यावर त्याच्या मध्यातून स्क्रूचे लहान भोक पाडावे. म्हणजे स्क्रू लाकडाला स्पर्शच करीत नाही. या एका सवयीने डेकचे आयुष्य इतर कोणत्याही उपायापेक्षा जास्त वाढते.

फोम पुन्हा भरणे : फोम कोठे होता, तेथेच व तेवढ्याच आकारमानाचा नवा फोम भरला पाहिजे. काठांजवळ उंचावर असलेला फोम पाणी भरलेल्या नौकेला सरळ ठेवतो व मागच्या कोपऱ्यांतला फोम एंजिनाचे वजन तोलतो. सर्व फोम केवळ डेकखाली घातला, तर पाणी भरताच नौका उलटी होण्याकडे कल असतो. ओला फोम काढल्यावर कप्पे रिकामे ठेवून डेक बंद करणारेही लोक आहेत; त्यांची नौका हलकी व वेगवान होते आणि तिच्यात पाणी भरले तर ती तळाला जाते. बॉस्टन व्हेलरसारख्या नौकांत तर फोम दोन कवचांना जोडून धरणारा, म्हणजे रचनेचाच घटक असतो. तो काढून टाकल्यास नौकेचे बळही जाते.

द्रव फोमचे पॉलिऑल व आयसोसायनेट असे दोन घटक असतात. ते बहुधा समान आकारमानाने घेऊन वीस-पंचवीस सेकंद जोराने ढवळतात व लगेच ओततात. मिश्रण एक-दोन मिनिटांत आपल्या आकारमानाच्या ३० ते ३५ पट फुगते. तापमान २५° से.च्या आसपास असावे. थंडीत फोम कमी फुगतो व दाट होतो. विक्रिया उष्णता देणारी असल्याने एकाच वेळी पुष्कळ ओतल्यास आतला भाग करपतो, आणि बंद कप्प्यात दाब वाढून डेक उचलला जातो किंवा कवच फुगते. म्हणून थोडे थोडे ओतून आधीचा थर थंड झाल्यावर पुढचा ओततात व हवा बाहेर जाण्यासाठी भोके ठेवतात. आयसोसायनेटामुळे दम्यासारखी अधिहृषता उत्पन्न होऊ शकते. भोपाळ येथे १९८४ मध्ये फुटलेल्या वायूचे नाव या संदर्भात वाचकाला आठवेल. ते मिथिल आयसोसायनेट अत्यंत बाष्पनशील होते, फोममधील आयसोसायनेट त्या मानाने फारच कमी उडते. तरीही उघड्या हवेत व योग्य मुखवटा लावूनच काम करावे. फोम फुगविण्यासाठी पूर्वी वापरात असलेली क्लोरोफ्ल्युओरोकार्बने ओझोन थराला घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रिऑल करारानंतर टप्प्याटप्प्याने वर्ज्य झाली. आता पाण्याच्या विक्रियेतून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड व अन्य द्रव्ये यांचा उपयोग होतो.

पॉलिस्टायरीन फोमचे ठोकळे कापून बसविणे हा दुसरा पर्याय. दाबातून काढलेले निळे-गुलाबी ठोकळे पाणी फार कमी शोषतात व पुढे काढूनही पाहता येतात. मण्यांच्या थर्मोकोलमध्ये मण्यांमधील फटींत पाणी शिरते. दोन्ही प्रकार पेट्रोलमध्ये व पॉलिएस्टर रेझिनातील स्टायरिनामध्ये विरघळतात, ही मोठी अडचण आहे. कोणताही फोम वापरला तरी तळाच्या मध्यरेषेवर अर्धी कापलेली प्लॅस्टिकची नळी उपडी बसवून पाण्याला मागच्या बुचापर्यंत मोकळी वाट ठेवली पाहिजे. फोम कधीच भिजणार नाही असे धरून चालण्यापेक्षा आलेले पाणी निघून जाईल अशी व्यवस्था करणे अधिक सुरक्षित असते. मूळ निर्मात्यांपैकी अनेकांनी हे केले नव्हते.

काम झाल्यावर नौका पुन्हा काट्यावर तोलावी व वजन नोंदवून ठेवावे. पुढील वर्षांत ते वाढले तर डेक उघडण्याआधीच दोष कळतो. उभी ठेवताना नौकेचा पुढचा भाग उंच असावा, बूच काढलेले असावे व पालापाचोळ्याने त्याचे भोक बुजलेले नसावे. आच्छादनाच्या दोन्ही टोकांना हवा खेळती राहील एवढी जागा सोडावी.

भारतात काचतंतूंच्या होड्यांचा प्रसार मासेमारीसाठी झाला, विशेषतः २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्या मोठ्या संख्येने वाटण्यात आल्या. कोकणातही ‘फायबरच्या होड्या’ रूढ आहेत. त्यांत टोकांच्या व आसनांखालील कप्प्यांत फोम किंवा थर्मोकोल भरतात आणि बळकटीसाठी प्लायवुडही घालतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात त्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात व नेमका तोच धुवाधार पावसाचा काळ असतो. येथे बर्फाने कोशिका फुटण्याचा प्रश्न नाही. परंतु उष्ण व दमट हवेत कवके अमेरिकेतल्यापेक्षा वेगाने वाढतात. डेक किंवा ट्रान्सम बदलताना भारतीय मानक ७१० नुसार बनविलेले सागरी प्लायवुड घ्यावे. घरबांधणीतील साधे प्लायवुड दिसण्यात सारखे असले, तरी त्यातील गोंद व लाकूड सतत ओलाव्यात राहण्यासाठी बनविलेले नसते. बंद कप्प्याला तळाशी स्क्रूने बसणारे बूच ठेवून पावसाळ्यापूर्वी व नंतर ते उघडून पाहिल्यास आत पाणी आहे की नाही, ते डेक न कापताच कळते.